एक चित्रपट घ्या, पन्नास नकोत

वाचकाचं पत्र:

‘ताई, माझी मुलगी सहा वर्षांची आहे. तिचा एक ठरलेला कार्टून चित्रपट आहे. गेलं वर्षभर आठवड्यातून दोनतीनदा तरी तो घरात लागतोच. मागच्या महिन्यात तो आमच्या सबस्क्रिप्शनमधून एका रात्रीत गायब झाला. सकाळी तिने स्वतः रिमोट घेऊन शोधला, सापडला नाही, आणि दिवसभर घर डोक्यावर घेतलं. आता तोच चित्रपट दुसऱ्या एका स्टोअरवर दिसतोय, खाली “भाड्याने घ्या” आणि “विकत घ्या” अशी दोन बटणं आहेत. मी ठरवलंय की असा प्रसंग पुन्हा नको. तिच्या आणि आमच्या आवडीचे मिळून पन्नासेक चित्रपट एकदाच घेऊन टाकते, सेलही चालू आहे. नवरा म्हणतो, भाड्याने बघ आणि सोडून दे. माझ्या बाबांकडे कपाटभर डिस्क आहेत. ते म्हणतात, जी वस्तू हातात येत नाही ती विकत घेतली असं म्हणूच नये. मला वाटतं, एकदा पैसे दिले की चित्रपट माझा, पुढे मुलीलाही देता येईल. माझं काही चुकतंय का?’

नमस्कार,

‘एकदा पैसे दिले की चित्रपट माझा’ हे तुमचं वाक्य मी दोनदा वाचलं. चुकतंय ते तिथेच, म्हणून आधी त्याबद्दल बोलू.

डिस्क विकत घेतली की ती वस्तू तुमची होते. चित्रपटाचे हक्क निर्मात्याकडेच राहतात, पण ती डिस्क कुणाला द्यायची, विकायची की वीस वर्षं जपून ठेवायची हे तुम्ही ठरवता. डिजिटल स्टोअरवर ‘विकत घ्या’ दाबल्यावर मिळतो तो बघण्याचा परवाना. तो तुमच्या नावाने असतो, त्या एका खात्यापुरता असतो आणि त्या स्टोअरच्या अटींवर असतो. फाइल त्यांच्या सर्व्हरवर राहते. त्यांनाही ती वितरकाबरोबर झालेल्या करारातून मिळालेली असते. म्हणजे तुमच्या आणि त्या चित्रपटाच्या मध्ये दोन करार आहेत. त्यातल्या एकाला तुम्ही न वाचता ‘मान्य’ म्हणता, आणि दुसरा तर तुम्हाला कधी दिसतही नाही.

अटी-शर्तींमध्ये हे पहिल्यापासून लिहिलेलं असतं. बटणावर मात्र ‘विकत’ हाच शब्द असतो, आणि माणूस बटण वाचतो. या शब्दावरून अमेरिकेत मोठ्या कंपन्यांवर खटले भरले गेले. कॅलिफोर्निया राज्याने तर २०२४ मध्ये त्यासाठी कायदाच केला. १ जानेवारी २०२५ पासून तिथे डिजिटल वस्तूला ‘खरेदी’ म्हणायचं असेल, तर हा परवाना आहे आणि तो जाऊ शकतो हे ग्राहकाला ठळकपणे सांगावं लागतं. कायमची डाउनलोड करून ठेवता येणारी, नंतर विक्रेत्याला काढून घेता न येणारी फाइल असेल तर त्यातून सूट आहे. ही सूट लक्षात ठेवा, कारण चित्रपटांच्या स्टोअरवर तशी फाइल जवळपास कधीच मिळत नाही.

मग पैसे देऊन घेतलेले चित्रपट खरंच जातात का? रोज उठून कुणाचे जात नाहीत. स्टोअरने एखादा चित्रपट विकायचा बंद केला, तरी ज्यांनी तो आधी घेतलाय त्यांच्या लायब्ररीत तो बहुतेक वेळा राहतो. सबस्क्रिप्शनमध्ये आणि खरेदीत हाच मोठा फरक आहे. तुमच्या मुलीचा चित्रपट गेला तो सबस्क्रिप्शनचा ठरावीक मुदतीचा करार संपला म्हणून. तसे करार सतत संपतात आणि नवे होतात. खरेदी त्याच्या मानाने कितीतरी स्थिर आहे. मासिक वर्गणी बंद केली तरी विकत घेतलेलं बघता येतं, त्यासाठी दरमहा काही भरावं लागत नाही.

पण जाण्याची वेळ येते, आणि ती आलेली आहे. सोनीने ऑगस्ट २०२१ अखेर प्लेस्टेशन या आपल्या गेमच्या यंत्राच्या स्टोअरवर चित्रपट आणि मालिका विकणं थांबवलं. तेव्हा सांगितलं होतं की आधी घेतलेलं बघता येत राहील. पुढच्याच वर्षी जर्मनी आणि ऑस्ट्रियातल्या ग्राहकांना कळवण्यात आलं की स्टुडिओकॅनाल या फ्रेंच चित्रपट कंपनीचे विकत घेतलेले चित्रपट ३१ ऑगस्ट २०२२ पासून लायब्ररीत दिसणार नाहीत. २०२३ च्या डिसेंबरमध्ये डिस्कव्हरीच्या कार्यक्रमांबद्दल तशीच सूचना निघाली. त्या वेळी लोक इतके चिडले की वर्ष संपायच्या आत नवा करार झाला आणि कार्यक्रम वाचले. फ्युनिमेशन या जपानी कार्टून (अ‍ॅनिमे) दाखवणाऱ्या सेवेची गोष्ट मला जास्त लागते. तिथे अ‍ॅनिमेच्या डिस्कबरोबर एक कोड मिळायचा आणि तो टाकला की डिजिटल प्रत खात्यात जमा व्हायची. एप्रिल २०२४ मध्ये ती सेवा क्रंचीरोल या तशाच दुसऱ्या सेवेत मिसळून बंद झाली आणि त्या डिजिटल प्रती गेल्या. ज्यांनी कोड वापरून डिस्क टाकून दिली किंवा विकली, त्यांच्या हातात काही उरलं नाही. ज्यांनी कपाटात ठेवली, ते आजही बघतायत. तुमच्या बाबांचं म्हणणं उगाच नाही.

माझा स्वतःचा अनुभव सांगते. काही वर्षांपूर्वी एका छोट्या स्टोअरवरून मी नऊ चित्रपट घेतले होते. त्यातला एक सासूबाईंचा फार आवडता होता. त्या आजारपणातून उठल्या तेव्हा एका संध्याकाळी मी तो लावायला बसले. लायब्ररीत पोस्टर होतं. त्याच्याखाली जिथे ‘बघा’ लिहिलेलं असायचं तिथे काहीच नव्हतं. पोस्टरवर बोट ठेवलं की नुसता कडेचा रंग बदलायचा. पंधरा मिनिटं मी वायफायला दोष दिला, टीव्ही बंद करून चालू केला. मग मेल शोधली. स्टोअर बंद होणार, अमुक तारखेच्या आत खातं दुसरीकडे जोडून घ्या, अशा तीन मेल आलेल्या होत्या. त्या सगळ्या माझ्या जुन्या पत्त्यावर होत्या, जो मी वर्षभर उघडलाच नव्हता. तारीख अकरा आठवड्यांपूर्वी उलटून गेली होती. सासूबाई म्हणाल्या, ‘जाऊ दे गं, मला गोष्ट पाठ आहे.’ त्यांनी ती मला सांगितलीही. पण मला वाईट वाटायचं ते वाटलंच.

त्या दिवसापासून मला एक गोष्ट पक्की कळली आहे. चित्रपट सहसा न सांगता जात नाहीत. सूचना येते, मुदत मिळते, आणि आपण ती मेल वाचत नाही. अल्ट्राव्हायोलेट नावाची एक मोठी व्यवस्था होती. तिथे वेगवेगळ्या दुकानांतून घेतलेले चित्रपट एकाच कपाटात जमा व्हायचे. ती बंद होणार हे ३१ जानेवारी २०१९ ला जाहीर झालं आणि ती प्रत्यक्षात ३१ जुलैला बंद झाली. म्हणजे पूर्ण सहा महिने हातात होते. ज्यांनी त्या काळात आपलं खातं एखाद्या चालू स्टोअरशी जोडून ठेवलं, त्यांचे बहुतेक चित्रपट शाबूत राहिले. म्हणून तुम्ही काहीही घ्यायच्या आधी हे काम करा: ज्या मेलवर ते खातं आहे ती तुम्ही रोज उघडता का, ते बघा. नसेल तर आधी पत्ता बदला. ऑफिसच्या मेलवर तर असं खातं कधीच उघडू नका. नोकरी बदलली की मेल जाते, आणि पासवर्ड विसरलात तर परत मिळवायची वाटही बंद होते.

डाउनलोड करून ठेवलं की सुटलो, असं तुम्हाला कुणी सांगेल. तसं नाही. अ‍ॅपमध्ये उतरवलेली फाइल कुलूपबंद असते. ती त्याच अ‍ॅपमध्ये, त्याच खात्यावर चालते, आणि मधूनमधून अ‍ॅप इंटरनेटवर जाऊन परवाना शाबूत आहे का ते तपासतं. प्रवासात, नेट नसलेल्या ठिकाणी तिचा उपयोग होतो, त्यासाठी जरूर उतरवा. पण ती तुमच्याकडची प्रत नव्हे. २००९ मध्ये अ‍ॅमेझॉनने लोकांच्या किंडलमध्ये (ई-पुस्तकं वाचायच्या यंत्रात) आधीच उतरलेली जॉर्ज ऑरवेलची दोन पुस्तकं परस्पर पुसून टाकली होती, कारण ज्याने ती विक्रीला ठेवली त्याच्याकडे हक्कच नव्हते. पैसे परत मिळाले, कंपनीचे तेव्हाचे प्रमुख जेफ बेझोस यांनी जाहीर माफीही मागितली. पण घरातल्या यंत्रात आलेली वस्तूही बाहेरून काढता येते, हे त्या दिवशी सगळ्यांना दिसलं.

आता ‘पुढे मुलीला देता येईल’ याबद्दल. हे मला सांगताना बरं वाटत नाही, पण देता येणार नाही असंच धरून चाला. परवाना तुमच्या नावाचा असतो आणि बहुतेक कंपन्यांच्या अटींमध्ये तो दुसऱ्याला देता येत नाही. अ‍ॅपलने आपल्या पश्चात खातं सांभाळायला वारस नेमायची सोय दिली आहे. वारसाला फोटो मिळतात, मेसेज मिळतात, पण विकत घेतलेले चित्रपट, गाणी आणि पुस्तकं त्यातून वगळलेली आहेत. वापरून झालेली डिजिटल प्रत विकण्याचा प्रश्नही न्यायालयात गेला होता. अमेरिकेत गाण्यांच्या फाइलींबाबत २०१८ मध्ये, युरोपात ई-पुस्तकांबाबत २०१९ मध्ये, दोन्हीकडे उत्तर आलं की डिस्कला किंवा छापील पुस्तकाला असलेली पुनर्विक्रीची मोकळीक फाइलला नाही. मुलगी लहान असेपर्यंत मात्र कुटुंबासाठीची सोय वापरा. अ‍ॅपल आणि गूगल दोघांकडे सहा जणांपर्यंतचं कुटुंब जोडता येतं. मात्र घेताना त्या चित्रपटाला ही सोय लागू आहे का, ते त्याच पानावर बघा. सगळ्यांना नसते.

तुमचं की नवऱ्याचं, कुणाचं खातं वापरायचं हे तुम्ही विचारलेलं नाही, पण मी सांगते. जो माणूस मेल वाचतो, पासवर्ड नीट लिहून ठेवतो आणि फोन सारखा बदलत नाही, त्याचं. आणि एकदा ठरलं की त्यावरच राहा. चार स्टोअरवर विखुरलेले दहा-दहा चित्रपट म्हणजे चार पासवर्ड, चार अ‍ॅप, आणि रविवारी दुपारी ‘तो कुठे घेतला होता आपण?’ ही शोधाशोध. अमेरिकेत मूव्हीज एनीव्हेअर नावाची सोय आहे. तिथे काही मोठ्या स्टुडिओंचे चित्रपट एका स्टोअरवर घेतले की जोडलेल्या दुसऱ्या स्टोअरवरही दिसतात. पण ती तेवढ्या देशापुरतीच आहे, आणि सगळे स्टुडिओ तिच्यात नाहीत. देश बदलायची शक्यता असेल तर आणखी जपून. खातं एका देशातून दुसऱ्या देशात हलवलं की आधीच्या देशात घेतलेले काही चित्रपट दिसेनासे होऊ शकतात, कारण वितरणाचे हक्क देशागणिक वेगळे असतात.

आणखी एक खबरदारी आहे, ती फारसं कुणी सांगत नाही. एखाद्या खरेदीवरून वाद झाला, म्हणजे दोनदा पैसे गेले किंवा चित्रपट नीट चालला नाही, तर पहिल्या रागात बँकेला सांगून पैसे परत खेचू नका. आधी स्टोअरच्या तक्रार फॉर्ममधून परतावा मागा, दोन दिवस थांबा. बँकेतून पैसे परत घेतले की काही कंपन्या वाद मिटेपर्यंत खातं गोठवतात. एका चित्रपटाच्या पैशांसाठी एकोणपन्नास चित्रपट अडकतात.

मी नुसती भीती घालतेय असं वाटायला नको. डिजिटल खरेदीचे खरे फायदे आहेत आणि तुमच्यासारख्या घराला ते लागू पडतात. लहान मुलाच्या हातात डिस्क महिनाभरही टिकत नाही. ओरखडा पडला की नेमक्या गाण्यातच चित्रपट अडकतो. डिजिटलला ओरखडा नाही, हरवणं नाही, जागा नाही. आजारी पडलेली मुलगी आजोबांकडे असली तरी तिथल्या टीव्हीवर तुमचं खातं उघडून दोन मिनिटांत तिचा चित्रपट लावता येतो. कधीकधी तर घेतलेली वस्तू आपोआप सुधारते. २०१७ मध्ये अ‍ॅपलने आयट्यून्सवर आधी एचडीमध्ये घेतलेले चित्रपट, फोरके (एचडीपेक्षा जास्त बारकाव्याची) प्रत आली तसे, जास्तीचे पैसे न घेता फोरके करून दिले. डिस्कच्या बाबतीत तेच हवं असेल तर पुन्हा नवी डिस्क घ्यावी लागते.

चित्राच्या दर्जात मात्र डिस्क पुढे आहे, आणि हे बाबांना जरूर वाचून दाखवा. फोरके ब्लू-रे डिस्कमध्ये १०० जीबीपर्यंत जागा असते आणि सेकंदाला शंभर मेगाबिटच्या वर माहिती वाहू शकते. स्ट्रीमिंगवरचा फोरके चित्रपट साधारण पंधरा ते पंचवीस मेगाबिटमध्ये बसवलेला असतो. धुकं, पाऊस, अंधारातला प्रसंग आला की हा फरक डोळ्याला दिसतो; काळ्या रंगात पट्टे उमटतात. आवाजातही फरक आहे, ब्लू-रे डिस्कवर तो बहुतेक वेळा काहीही न गाळता ठेवलेला असतो. कार्टूनच्या सपाट, उजळ रंगांना याने फारसं बिघडत नाही. पण तुमच्या दोघांच्या यादीत एखादा असा चित्रपट असेल की जो तुम्ही दिवे घालवून, फोन दूर ठेवून बघता, तर तो डिस्कवर घ्या. घेताना प्लेअरचा रीजन, म्हणजे डिस्क जगाच्या ज्या भागासाठी काढलेली असते तो भाग, जुळतो का ते तपासा. डीव्हीडी आणि साध्या ब्लू-रेला रीजन असतो, फोरके ब्लू-रेला नसतो. बाबांनाही एक काम द्या. त्यांचा प्लेअर किती जुना आहे ते बघायला सांगा. सॅमसंगने २०१९ मध्येच अमेरिकेच्या बाजारात नवे ब्लू-रे प्लेअर आणणं थांबवलं. कपाटभर डिस्क आहेत आणि चालवायला यंत्र नाही, असं व्हायला नको. एखादा चांगला प्लेअर मिळतोय तोवर जास्तीचा घेऊन ठेवणं शहाणपणाचं.

आता तुमच्या पन्नास चित्रपटांचं. नवऱ्याचं म्हणणं या यादीतल्या बहुतेक चित्रपटांना लागू आहे. भाड्याने घेतलेला चित्रपट सुरू करायला साधारण तीस दिवस मिळतात आणि एकदा सुरू केला की बहुधा अठ्ठेचाळीस तास. मोठ्या माणसाला एवढा वेळ पुरतो. यादी घेऊन बसा आणि प्रत्येक नावापुढे दोघांनी एकच आकडा लिहा: गेल्या तीन वर्षांत हा किती वेळा पाहिला? ‘बघायचा आहे’ हा आकडा नव्हे. खरेदीची किंमत भाड्याच्या जितक्या पट असेल, त्यापेक्षा तो आकडा मोठा असेल तरच विकत घ्या. माझा अंदाज आहे की पन्नासातले पाच-सहाच उरतील. बाकीचे विशलिस्टमध्ये टाका. सेल पुन्हा येतो, दर काही आठवड्यांनी येतो, आणि विशलिस्टमध्ये असलेल्या चित्रपटाची किंमत उतरली की बरीच स्टोअर कळवतात. सेलच्या घाईत घेतलेले आणि एकदाही न लावलेले चित्रपट मी लोकांच्या लायब्ररीत पाहिले आहेत, एकाखाली एक, नुसती पोस्टरं.

त्या उरलेल्या पाच-सहांपुढे आणखी एक प्रश्न विचारा: हा उद्या गेला तर मला चालेल का? चालेल, तर डिजिटल घ्या. चालणार नाही, तर डिस्क घ्या, डिजिटल सोयीला असू दे. तुमच्या लग्नाआधी दोघांनी मिळून पाहिलेला पहिला चित्रपट, बाबांबरोबर लहानपणी पाहिलेला, असं काही असेल तर तो परवान्याच्या भरवशावर ठेवू नका. डिस्क मुलीला देताही येईल, तुम्हाला तेच हवं होतं ना.

आणि तिचा तो चित्रपट? तो आजच विकत घ्या, डिजिटल घ्या, मनात काही शंका न ठेवता घ्या. आठवड्यातून दोनतीनदा लागणारा चित्रपट भाड्याने घेण्यात अर्थ नाही, आणि पुढची तीन-चार वर्षं तो टिकला तरी त्याचं मोल पुरेपूर वसूल झालं. मोठ्या, जुन्या स्टोअरवर घ्या. फक्त पैसे भरण्याआधी पानाच्या तळाशी असलेली ऑडिओच्या भाषांची यादी उघडा. एकाच चित्रपटाच्या वेगवेगळ्या स्टोअरवरच्या प्रतींत भाषा वेगवेगळ्या असतात, आणि एकाच भाषेत दोनदा डबिंग झालेलंही असतं. ट्रेलर लावून किंवा आधी एकदा भाड्याने घेऊन पहिली दहा मिनिटं तिच्या शेजारी बसून ऐका. तिला गाणी ज्या आवाजात पाठ आहेत तोच आवाज हवा, दुसरा आला तर ती लगेच ओळखेल.